हरवलं म्हणायची सोय

शिवकन्याने अख्खं फोल्डर निवडलं, डिलीटचं बटण दाबलं आणि ‘नक्की का?’ असं कम्प्युटरने विचारल्यावर पुन्हा एकदा ‘होय’ म्हटलं. मग रिसायकल बिनही रिकामा केला.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या शिवाजीचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. तो जालन्याच्या एका दुकानातर्फे सॉफ्टवेअर विकत फिरायचा आणि बदनापूरच्या तहसील कचेरीसमोरच्या ह्या टायपिंग-डीटीपीच्या दुकानात आज बॅकअपचं खोकं घेऊन आला होता. चकचकीत खोकं, आत सीडी, वर कुलपाचं चित्र.

“ताई, चालू काम होतं ना ते?”

“चालूच होतं. शाळेच्या प्रश्नपत्रिका, दोन लग्नपत्रिका, अन् दूध सोसायटीचा अहवाल. आता तुमच्या बॅकअपमधून परत आणून दाखवा.”

“डेमोला असं कोणी करत न्हाई, ताई.”

“म्हणून तर कळत न्हाई कोणाला.”

त्याच सकाळी तिने सगळ्या कामाची एक सीडी काढून कपाटात ठेवली होती, पण ते शिवाजीला सांगायचं तिला काही कारण दिसलं नाही. तो खुर्ची पुढे ओढून माउस फिरवू लागला. प्रश्नपत्रिका आल्या. लग्नपत्रिका आल्या. अहवाल आला नाही. तासाभरापूर्वी ह्याच पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ अशी हिरवी खूण आली होती आणि शिवाजीने ती बोट लावून दाखवली होती.

“ती फाइल उघडी होती,” तो म्हणाला. “उघडी फाइल हे घेत न्हाई. पुस्तिकेत दिलंय तसं.”

“माझ्या दुकानात सकाळपासून फाइल उघडीच असती. मंग हे हिरवं कशाचं?”

शिवाजीने पिशवीतून दुसरं सॉफ्टवेअर काढलं. ह्याला खोकंही नव्हतं, साध्या पाकिटातली सीडी. कोणी घेत नाही, दिसायला बरं नाही, चालतंही हळू, असं त्यानेच सांगून टाकलं. शिवकन्याने ते ठेवून घेतलं आणि आठवडाभर वापरून बघते म्हणाली.

खरंच ते हळू होतं. पण जी फाइल घेता आली नाही तिचं नाव ते लाल अक्षरांत सांगायचं आणि ती बंद करा म्हणायचं. कालची प्रत आजच्या प्रतीखाली गाडायचं नाही. दोन्ही आपापल्या तारखेने वेगळ्या ठेवायचं. तिने बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली, ती पर्समधून घरी नेली आणि घरच्या जुन्या कम्प्युटरवर सगळं काम परत उतरवून पाहिलं. फाइली आल्या, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या किडेमुंग्या. तिची आई मालनबाई मागून वाकून बघत होती.

“हे कोणत्या देशाचं हाय गं?”

“आपलंच हाय, माय. अक्षरं इथं न्हाईत, म्हणून असं दिसून राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी तिने मराठी फॉन्टचं फोल्डरही बॅकअपच्या यादीत घातलं, पुन्हा घरी उतरवलं, आणि लग्नपत्रिकेवरचा गणपतीखालचा मजकूर जसाच्या तसा वाचता आला तेव्हा शिवाजीला फोन करून सांगितलं, साधं पाकीट घेते, चकचकीत खोकं घेऊन जा.

इतका खटाटोप कशासाठी, असं तिचा भाऊ पुंजारामही विचारायचा. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या लपंडावात तिची हार्ड डिस्क गेली होती. काम गेलं त्याचं तिला वाईट वाटलं, रात्रंदिवस बसून तिने पुष्कळसं परत टाइपही केलं. पण तिला लागलं ते दुसरंच. लोकांनी किती सहज सोडून दिलं. मशीनचं काय घेऊन बसलात, होतंच, म्हणाले. आणि मग ती सोय सगळ्यांनाच आवडली. ज्याने अर्ज वेळेत दिला नाही तो म्हणायचा, शिवकन्याताईच्या कम्प्युटरमधून उडाला. ज्याला सभेचा वृत्तांत दाखवायचा नव्हता तोही तेच म्हणायचा. तिच्याकडे कधी आलाच नव्हता असा कागदसुद्धा तिच्याकडे हरवू लागला. एकदा तहसीलच्या पायऱ्यांवर तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेव्हाच तिने ठरवलं की ह्यापुढे आपल्या दुकानात काही हरवणार नाही, आणि कोणाला तसं म्हणताही येणार नाही.

नवं सॉफ्टवेअर बसवल्यावर तिने दारावर कागद चिकटवला: ‘येथे दिलेले काम जपून ठेवले जाते.’ लोक वाचायचे आणि हसायचे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर कोळदऱ्याच्या स्मरणिकेचं काम तिच्याकडे आलं. कोळदरा तिचं माहेरचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात, रोजगाराची कामं निघाली होती तेव्हा, गावाला पाझर तलाव झाला. आता त्या तलावाला त्या वेळचे सरपंच रामराव ह्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. मोठा कार्यक्रम, पाहुणे, फोटो, स्मरणिका. कार्यक्रमाच्या समितीचे अध्यक्ष रामरावांचे चिरंजीव काकासाहेब. पंचेचाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. बाजार समितीत त्यांचं वजन होतं.

“बायकांवरही एखादं पान पाह्यजे,” त्यांनीच सांगितलं होतं. “ते तुम्हीच लिवा. तुमची माय त्या कामावर व्हती ना.”

शिवकन्याने होकार दिला, आणि स्मरणिकेची बाकी पानं लावून झाल्यावर त्या लेखाला बसली.

मालनबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायची असली की त्या मान खाली वाकवतात आणि हात तिथेच ठेवतात. लहानपणापासून शिवकन्याने ते पाहिलं होतं, कारणही ठाऊक होतं, पण सगळं नीट बसून विचारलं ते ह्या पानाच्या निमित्ताने. मालनबाई ज्वारी निवडता निवडता सांगत गेल्या आणि शिवकन्या ऐकत गेली.

भरावाला मुरूम लागायचा. तो खणून खणून एक उंच दरड तयार झाली होती. वरून खणत यावं तर वेळ लागतो. खालून पोखरलं की वरचा मुरूम आपोआप सुटतो. रामरावांनी बांधावरून ओरडून सांगितलं, खालून घ्या. बायका खालून घेऊ लागल्या. दरड आली. मालनबाईंना ओढून काढलं. त्यांच्या शेजारी टिकाव मारणारी चतुराबाई निघाली ती मेलेलीच. दोघी एकाच वस्तीतल्या, एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या.

गावात मात्र गोष्ट वेगळी सांगतात. जेवणाची सुट्टी झाली होती, सगळे पांगले होते, रामराव घरी गेले होते, आणि दोघी बायका सावलीला म्हणून दरडीखाली जाऊन बसल्या. नशीब त्यांचं. चौकशीला साहेब आला तेव्हा हेच सांगितलं गेलं, आणि सांगून सांगून तेच पक्कं झालं.

“सुट्टी झाली व्हती का, माय?” शिवकन्याने विचारलं.

मालनबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “‘खालून घ्या’ ऐकलेलं ध्यानात हाय, अन् मंग माती नुसती,” त्या म्हणाल्या. “तोंडातली. मधलं आठवत न्हाई बाई. खोटं कशाला सांगू?”

शिवकन्यानेही खोटं लिहिलं नाही. गावची गोष्ट लिहिली, आईची लिहिली, आणि खाली लिहिलं: सुट्टी झाली होती की नव्हती, हे आईला आठवत नाही. एका पानाची चार पानं झाली. शेवटी चतुराबाईचं पूर्ण नाव घातलं, कारण तलावावर कुठे ते नव्हतं.

समितीतल्या कोणीतरी प्रूफं चाळली असावीत. चार दिवसांत काकासाहेब दुकानात आले. एकटेच. चहा घेतला, मालनबाईची तब्येत विचारली, पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर स्वतःच स्टेपलर ठेवला.

“बाई, तुमचा लेख मी काही वाचला न्हाई,” ते म्हणाले. “पण लोक म्हणून राह्यले, कार्यक्रमाच्या दिवशी असं बरं दिसत न्हाई. आमचे वडील, अण्णा, काही आज सांगायला न्हाईत.”

“चतुराबाईपण न्हाई.”

काकासाहेबांनी मान हलवली, जणू तेही कबूल. “मला कोणाला दुखवायचं न्हाई. तुम्हाला तर बिलकुल न्हाई. लेख काढून टाकला म्हणलं तर वस्तीतली माणसं नाराज होतील. त्याच्यापेक्षा असं करू. कम्प्युटर खराब झाला, तेवढी पानं गेली, टाइम कमी व्हता. सगळ्यांनाच माहीत हाय मशीनचं. कोणाचा दोष न्हाई, कोणाचं वाईट न्हाई.”

ते इतक्या समजूतदारपणे बोलत होते की क्षणभर शिवकन्याला वाटलं, समोर बसलेला माणूस तिचीच अडचण सोडवतोय. मग तिने कीबोर्ड बाजूला सरकवला.

“काकासाहेब, माझ्याकडून काही जात न्हाई आता.”

“म्हणायचं हो नुसतं.”

“म्हणताही येणार न्हाई. पानं हायेत. इथं हायेत, घरी हायेत. तुम्ही अध्यक्ष हाव, स्मरणिका तुमची हाय. लेख काढायचा तर काढा. पण काढला म्हणून सांगा. गेला म्हणून मी सांगणार न्हाई, अन् माझ्या नावावर कोणाला सांगू देणार न्हाई.”

“एवढ्यासाठी तुम्ही गावाशी वाकडं घ्याल?”

“मी कुठं वाकडं घेतलं? तुम्ही माझ्या मशीनवर ढकलून राह्यलात. ती बिचारी बराबर चालून राह्यली.”

काकासाहेब उठले. आवाज चढवणाऱ्यांपैकी ते नव्हते. काम आपण जालन्याच्या छापखान्यात नेतो, आतापर्यंतचं सगळं सीडीवर द्या, एवढंच म्हणाले. शिवकन्याने त्यांच्यासमोर सीडी काढली. सगळी पानं, सगळे फोटो, फॉन्टसुद्धा, आणि लेखाची चार पानं. सीडीवर पेनाने ‘कोळदरा स्मरणिका – संपूर्ण’ असं लिहून तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

त्यानंतर दूध सोसायटीचा अहवाल आला नाही. कोळदऱ्याच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका दुसरीकडे गेल्या. पुंजारामची तहसीलसमोर झेरॉक्सची टपरी होती. त्याच्याकडेही गावची माणसं नुसती रामराम करून पुढे जाऊ लागली.

“अक्का, चार पानं व्हती,” तो म्हणायचा. “चार पानांपायी सगळ्यांशी भांडण. गेलं म्हणली असती तर काय व्हतं? तुला काय, कोणी तपासायला येणार व्हतं?”

“मला माहीत राह्यलं असतं.”

“मंग खा आता ते माहीत.”

ती त्याच्यावर चिडली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना तिने नेहमीसारखी त्या दिवसाची प्रत घेतली आणि डिस्क पर्समध्ये टाकली. काम कमी होतं, त्यामुळे प्रत लवकर झाली, एवढाच फरक. मालनबाईंनी मात्र लेखाचं काय झालं हे एकदाही विचारलं नाही. शिवकन्याने आपणहून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लिवलंस ना? मंग झालं.” आणि नातवाच्या शर्टाला बटण लावत बसल्या.

कार्यक्रम आठवड्यावर आला असताना, भर दुपारी, काकासाहेबांची जीप पुन्हा दुकानासमोर थांबली. पुंजाराम तेव्हा टोनर मागायला आला होता. काकासाहेब दारात उभे राहिले. आत या म्हणेपर्यंत आले नाहीत. त्यांच्या सदऱ्यावर धूळ होती, चेहरा उतरलेला होता.

छापखान्याचा कम्प्युटर गेला होता. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि मग पडदा उजळलाच नाही. पानं लागलेली सगळी त्यात. सीडी टाकून पाहिली तर ती कोणीतरी उघडी टाकलेली, ओरखडलेली. फिरत राहते नुसती. जुने फोटो ज्याचे त्याला परत दिलेले. पाहुण्यांच्या पत्रिका वाटून झालेल्या.

“तुमच्याकडं हाय का, बाई?” काकासाहेबांनी विचारलं.

पुंजारामने टोनरचा डबा काउंटरवर ठेवला. तो शिवकन्याच्या अगदी जवळ सरकला आणि ओठ न हलवल्यासारखं करत बोलला, पण दुकान लहान होतं, ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“सांग ना, गेलं म्हणून. त्याहीनंच शिकवलंय.”

काकासाहेब खाली बघत होते. त्यांना ते लागलं हे दिसत होतं, आणि आपल्याला बोलायला जागा नाही हेही त्यांना कळत होतं. शिवकन्याला त्या एका क्षणात सगळं आठवलं, सोसायटीचा माणूस तोंड फिरवून गेला ते, तहसीलच्या पायऱ्यांवर ऐकलेलं, सगळं. ‘गेलं’ हा एक शब्द तिने म्हटला असता तर कोणीही विश्वास ठेवला असता. सगळ्यात आधी समोरच्या माणसाने ठेवला असता.

“हाय,” ती म्हणाली. “बसा.”

पुंजारामने डबा उचलला, पण गेला नाही. दाराला टेकून उभा राहिला.

शिवकन्याने पर्समधून डिस्क काढून जोडली. पडद्यावर तारखांची रांग आली. तिने पडदा काकासाहेबांकडे थोडा वळवला.

“हे बघा. आधीच सांगते. ह्या तारखेची प्रत घेतली तर त्यात माझा लेख न्हाई. तोवर मी लिवलाच नव्हता. बाकी सगळं हाय त्यात. आता ही दुसरी घेतली तर लेख हाय. दोन्ही चांगल्या हायेत, दोन्ही छापायला जातील. कोणती देऊ?”

“पहिली घेतली तर तुम्ही काही म्हणणार न्हाई?”

“म्हणणार. कोणी विचारलं तर सांगणार, दोन्ही व्हत्या, त्यांनी ही निवडली. तेवढंच सांगणार, जास्त न्हाई.”

बाहेर रिक्षावाला कोणाला तरी हाक मारत होता. काकासाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि परत लावला.

“तो लेख मी वाचला न्हाई अजून,” ते म्हणाले.

शिवकन्याने दुसऱ्या तारखेवर क्लिक केलं. उतरायला वेळ लागला. ते सॉफ्टवेअर हळूच होतं. मग तिने चार पानं छापून एकेक त्यांच्यापुढे ठेवायला सुरुवात केली.

काकासाहेब शाळेत वाचतात तसे बोट ओळीखाली धरून वाचत होते. दुसऱ्या पानावर ‘खालून घ्या’ ह्या शब्दांपाशी बोट थांबलं, पुढे सरकलं. चतुराबाईच्या नावावरून ते सावकाश गेलं. तिसरं पान त्यांनी हातात उचलून घेतलं, दाराच्या उजेडाकडे धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

“सुट्टी झाली व्हती की न्हाई, हे मायला आठवत न्हाई, असं लिवलंय तुम्ही.”

“तिला खरंच आठवत न्हाई.”

“हं.”

त्यांनी पान खाली ठेवलं आणि तळहाताने सपाट केलं. ते सपाटच होतं.

“सुट्टी व्हायची व्हती,” ते म्हणाले. “मी अण्णांची भाकर घेऊन गेल्तो. त्याहीनं फडकं सोडलंसुद्धा नव्हतं. बांधावरच उभे व्हते.”

दारातल्या पुंजारामने टेकलेला खांदा काढून घेतला. शिवकन्याने एवढ्या वर्षांचा हिशेब मनात मांडायला घेतला आणि सोडून दिला. दहा-बारा वर्षांचं पोर असेल तेव्हा हा माणूस.

तिने कीबोर्ड जवळ ओढला. त्या ओळीखाली जागा केली आणि टाइप केलं: ‘सुट्टी अजून व्हायची होती. सरपंचांचा मुलगा काकासाहेब त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आला होता, त्याने हे पाहिलं.’ घालू का असं तिने विचारलं नाही. पडदा पुरता वळवून त्यांच्यासमोर केला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

काकासाहेब पुढे वाकले. ओठ हलत होते. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले, आणि पडद्यावरची नजर न काढता हात पुढे केला. “चौथं पान द्या.”